काउंट रमफर्ड

सर बेंजामिन थॉम्पसन, काउंट रमफर्ड (२६ मार्च, इ.स. १७५३ – २१ ऑगस्ट, इ.स. १८१४) हे अमेरिकेत जन्मलेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक, सेनाधिकारी आणि प्रशासक होते. तोफेला भोक पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या प्रयोगामुळे पाठ्यपुस्तकांतून त्यांचे नाव परिचित आहे. मात्र त्या प्रयोगाच्या कितीतरी आधीपासून ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या मागे लागले होते: निरनिराळ्या पदार्थांतून उष्णता कमी-अधिक वेगाने का जाते? कापड, लोकर, पिसे, वीट, लोखंड, हवा आणि पाणी यांच्यावर त्यांनी केलेल्या प्रयोगांतून ऊबदार कपडे, धूर न करणाऱ्या शेगड्या आणि थोड्या इंधनावर चालणारी स्वयंपाकघरे तयार झाली.

प्रारंभीचे जीवन

थॉम्पसन यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत वोबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते अगदी लहान असतानाच वडील वारले. तेराव्या वर्षी त्यांना सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. पुढे काही काळ त्यांनी एका वैद्याकडे शिक्षण घेतले आणि हार्वर्ड येथे प्राध्यापक विन्थ्रॉप यांची विज्ञानविषयक व्याख्याने ऐकली. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

न्यू हॅम्पशरमधील कॉन्कर्ड येथे ते शिक्षक म्हणून गेले. या गावाचे जुने नाव रमफर्ड असे होते. तेथे इ.स. १७७२ मध्ये त्यांनी सारा वॉकर रोल्फ या सधन विधवेशी विवाह केला. त्या त्यांच्यापेक्षा सुमारे चौदा वर्षांनी मोठ्या होत्या. या विवाहामुळे थॉम्पसन यांचा उच्चपदस्थांत वावर सुरू झाला आणि गव्हर्नर वेंटवर्थ यांनी त्यांना सैन्यदलात थेट मेजर केले. इ.स. १७७४ मध्ये त्यांना सारा हीच एकुलती एक मुलगी झाली.

तोपर्यंत वसाहतींत स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले होते. थॉम्पसन यांचा कल ब्रिटिश राजसत्तेकडे असल्याचा संशय बळावला आणि संतप्त जमाव घरावर चालून येणार, हे कळताच पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते निसटले. पत्नीची आणि त्यांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. संशय निराधार नव्हता. ब्रिटिश सेनापती गेज यांच्या कागदपत्रांत अदृश्य शाईने लिहिलेले एक पत्र पुढे सापडले, ते थॉम्पसन यांचेच असल्याचे इतिहासकार मानतात. इ.स. १७७६ मध्ये ते लंडनला पोहोचले आणि वसाहतमंत्री लॉर्ड जर्मेन यांच्या कार्यालयात झपाट्याने वर चढले. बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांमुळे इ.स. १७७९ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. युद्धाच्या शेवटी ते एका घोडदळाचे अधिकारी म्हणून अमेरिकेत परतले. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे त्यांनी गावच्या दफनभूमीतच किल्ला उभारला, त्यासाठी चर्चचे लाकूड वापरले आणि थडग्यांचे दगडही उपयोगात आणले. त्या गावाने हे त्यांना कधी माफ केले नाही, आणि ते योग्यच होते.

बव्हेरियातील कार्य

इ.स. १७८४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने त्यांना सर हा किताब दिला. त्याच सुमारास बव्हेरियाचा शासक कार्ल थिओडोर याच्या सेवेत जाण्याची परवानगीही त्यांना मिळाली. म्युनिक येथे त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली आणि सैन्य, पोलीस व दरबार या तिन्ही क्षेत्रांत मोठी पदे भूषविली. तेथील सैनिकांना पगार कमी, कपडे निकृष्ट आणि अन्न अपुरे होते. सैनिकाला कमी खर्चात ऊब कशी देता येईल, हा प्रश्न थॉम्पसन यांना प्रयोगशाळेत नव्हे, तर सैन्याच्या हिशेबाच्या वह्यांत भेटला.

१ जानेवारी, इ.स. १७९० रोजी त्यांनी म्युनिकमधील भिकाऱ्यांना सैनिकांच्या मदतीने एकत्र आणण्याची मोहीम सुरू केली. सुमारे ६०,००० वस्तीच्या या शहरात आठवड्याभरात २,६०० जणांची नोंद झाली. त्यांच्यासाठी उभारलेल्या उद्योगगृहात सूत कातणे, विणणे व सैनिकांचे कपडे शिवणे ही कामे चालत, त्याचा मोबदला दिला जाई आणि गरम जेवण मिळे. बार्ली, वाटाणे, बटाटे, शिर्का, मीठ आणि शिळा पाव यांपासून केलेले येथील सूप पुढे रमफर्ड सूप म्हणून युरोपभर गरिबांच्या अन्नछत्रांत पोहोचले. या मोहिमेत बळजबरी होती, हे नाकारता येत नाही. पण पकडलेल्या माणसाला कोठडीऐवजी उबदार खोली, काम आणि जेवण द्यावे, हा विचार त्या काळात नवा होता. म्युनिकमधील प्रसिद्ध इंग्लिश गार्डन हे उद्यानही त्यांच्याच सूचनेवरून इ.स. १७८९ मध्ये आकारास येऊ लागले.

इ.स. १७९२ मध्ये त्यांना पवित्र रोमन साम्राज्याचा काउंट हा किताब मिळाला. त्यासाठी त्यांनी रमफर्ड हे नाव निवडले. ज्या गावातून जीव घेऊन पळावे लागले, त्याच गावाचे हे जुने नाव होते.

उष्णतावहनाचे प्रयोग

धातूंच्या उष्णतावाहकतेची तुलना यान इंगेनहाउझ यांनी याआधी केली होती. निरनिराळ्या धातूंच्या तारांवर मेण चढवून एक टोक तापवायचे आणि मेण कुठवर वितळते ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. रमफर्ड वळले ते दुर्वाहकांकडे, म्हणजे ज्यांतून उष्णता जेमतेम जाते त्या पदार्थांकडे.

त्यांचे उपकरण साधे होते. एका काचेच्या गोळ्याच्या मधोमध तापमापकाचा फुगा येईल अशी रचना करून दोहोंमधील पोकळीत तपासायचा पदार्थ भरायचा. हे सर्व उकळत्या पाण्यात तापवायचे, नंतर बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात बुडवायचे आणि पारा रेओम्यूर मापाच्या ७० अंशांवरून १० अंशांवर (म्हणजे ८७.५ वरून १२.५ अंश सेल्सिअसवर) उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पदार्थ प्रत्येक वेळी वजनाने सारखाच, १६ ग्रेन म्हणजे सुमारे एक ग्रॅम घेतला जाई.

पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापसाने हा वेळ १,०४६ सेकंदांवर गेला, मेंढीच्या लोकरीने १,११८ वर, कच्च्या रेशमाने १,२८४ वर, बीव्हर या प्राण्याच्या केसांनी १,२९६ वर, आयडर बदकाच्या पिसांनी १,३०५ वर आणि सशाच्या केसांनी १,३१५ वर. तोपर्यंत ऊब हा लोकरीचा किंवा फरचा अंगभूत गुण समजला जाई. रमफर्ड एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तेच रेशीम तीन रूपांत तपासले. कच्च्या रेशमाला १,२८४ सेकंद, तलम रेशमी कापड उसवून काढलेल्या धाग्यांना १,१६९ आणि पीळ दिलेल्या शिवणाच्या रेशमी दोऱ्याच्या तुकड्यांना अवघे ९१७ सेकंद लागले. पदार्थ एकच, वजन एकच, तरी फरक एवढा. याचा अर्थ ऊब धाग्याच्या पदार्थात नसून धाग्यांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत होती. तंतू जितके बारीक आणि मोकळे, तितकी त्यांत हवा अधिक घट्ट धरून ठेवली जाते. दबलेली गादी पिंजून घेतल्यावर पुन्हा उबदार वाटते, त्याचेही कारण हेच आहे.

मग नुसत्या हवेने तापमापक लवकर थंड का झाला, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर असे की, मोकळी हवा स्थिर राहत नाही. गरम हवा वर चढते, थंड हवा खाली येते आणि या फिरण्यातून उष्णता वाहून नेली जाते. शिवाय काही उष्णता प्रारणाने थेट निघून जाते. तंतू हवेचे हे फिरणे थांबवतात आणि प्रारणालाही अडवतात. आजच्या मोजमापांनुसार स्थिर हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारांश आहे. बर्फाळ प्रदेशात भुसभुशीत हिम जमिनीला पांघरुणासारखे झाकते आणि खालच्या मुळांना वाचवते, हेही रमफर्ड यांनी याच तत्त्वाने स्पष्ट केले.

या कामाबद्दल रॉयल सोसायटीने इ.स. १७९२ चे कॉपली पदक त्यांना दिले.

द्रवांतील अभिसरण

सफरचंदाचे पदार्थ बाहेरून निवलेले दिसले तरी आतून तोंड भाजण्याइतके गरम राहतात, हे रमफर्ड यांच्या अनेकदा लक्षात आले होते. त्यांत भरपूर पाणी असूनही असे का व्हावे? पुढे एका मोठ्या तापमापकातील मद्यार्क निवत असताना त्यातील धुळीचे कण मध्यभागी वर चढताना आणि कडेने खाली उतरताना त्यांना दिसले. उष्णता द्रवासोबत प्रवास करत होती. मग त्यांनी क्षारयुक्त पाण्यात अंबरचा भुगा टाकून या प्रवाहांचे पद्धतशीर निरीक्षण केले. सफरचंदाच्या गरात पाणी असते, पण ते फिरू शकत नाही, म्हणून तो गर सावकाश निवतो, हे कोडे अशा रीतीने सुटले.

येथे मात्र ते एक पाऊल जास्त पुढे गेले. द्रव आणि वायू यांच्यातून वहनाने उष्णता मुळीच जात नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. पाणी दुर्वाहक असले तरी त्यातून थोडीफार उष्णता वहनानेही जाते, हे इतरांनी लवकरच दाखवून दिले.

शेगडी आणि स्वयंपाकघर

उघड्या चुलीवर जळणातील बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते, हे ओळखून रमफर्ड यांनी म्युनिकमध्ये विटांनी बंदिस्त केलेल्या चुली बांधल्या. प्रत्येक भांड्याखाली वेगळा लहान जाळ असे. वीट उष्णतेची दुर्वाहक असल्याने आच भांड्यालाच लागे आणि स्वयंपाक्यालाही त्रास होत नसे.

इ.स. १७९५ मध्ये ते लंडनला आले, तेव्हा तेथील घरे शेगड्यांच्या धुराने भरलेली होती. त्यांनी धुराड्याचा गळा चार इंचांपर्यंत अरुंद केला, शेगडीची खोली कमी केली आणि बाजूच्या भिंती मागील भिंतीशी १३५ अंशांचा कोन करतील अशा तिरप्या बांधल्या. लोखंड उष्णतेचे सुवाहक असल्यामुळे ते आच ओढून घेते, म्हणून शेगडीचा अंतर्भाग दगडविटांचा करून त्याला पांढरा रंग द्यावा, असे त्यांनी सुचवले. धूर वर जाऊ लागला, उष्णता खोलीत येऊ लागली. या शोधांचे एकस्व त्यांनी घेतले नाही.

तोफेचा प्रयोग

म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना धातू अतिशय तापतो, हे रमफर्ड यांनी पाहिले. उष्णता हा कॅलरिक नावाचा वजनरहित द्रव असून धातूचा कीस निघताना तो बाहेर पडतो, असे त्या काळी मानत. रमफर्ड यांनी मुद्दाम बोथट गिरमिट घेतले, धातूभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांच्या बळाने यंत्र फिरवले. अडीच तासांनी पाणी उकळले. जाळाशिवाय एवढे पाणी उकळलेले पाहून जमलेले लोक थक्क झाले. कीस थोडाच निघाला होता, त्याचा विशिष्ट उष्माही बदललेला नव्हता, आणि घर्षण चालू असेपर्यंत उष्णता संपतच नव्हती. जी वस्तू अमर्याद निघत राहते ती पदार्थ असू शकत नाही, ती गतीच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी २५ जानेवारी, इ.स. १७९८ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात मांडला. कॅलरिकचा सिद्धान्त त्यानंतरही अनेक वर्षे टिकला. पुढे जूल यांनी रमफर्ड यांच्या आकड्यांवरून उष्णतेचे यांत्रिक मूल्य काढले. ते जूल यांच्या स्वतःच्या मूल्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाले. पेटी व यंत्रातून वाया गेलेली उष्णता पाहता हे अपेक्षितच होते.

रॉयल इन्स्टिट्यूशन आणि उत्तरायुष्य

इ.स. १७९९ मध्ये लंडन येथे रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली, तीत रमफर्ड यांचा पुढाकार होता. उपयुक्त यंत्रे आणि विज्ञान सामान्य कारागिरांपर्यंत पोहोचावे, हा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात संस्था श्रीमंतांच्या व्याख्यानगृहासारखी झाली. तरीही हम्फ्री डेव्ही यांना तेथे आणले गेले ते रमफर्ड यांच्या काळात, आणि फॅरेडे यांचे सारे कार्य पुढे याच वास्तूत झाले. सहकाऱ्यांशी त्यांचे फार काळ पटत नसे. इ.स. १८०२ मध्ये त्यांनी इंग्लंड कायमचे सोडले.

पॅरिसमध्ये इ.स. १८०५ साली त्यांनी रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या विधवा मारी-आन यांच्याशी विवाह केला. कॅलरिक हे नाव रूढ करणाऱ्यांपैकी लाव्हाझिए एक होते, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. संसार सुखाचा झाला नाही. एकदा आपल्याला नको असलेल्या पाहुण्यांसाठी रमफर्ड यांनी फाटकाला कुलूप लावले, तेव्हा पत्नीने त्यांच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे त्यांनीच मुलीला पत्राने कळवले होते. इ.स. १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले.

या काळात त्यांनी प्रारणावर काम केले. गुळगुळीत चकचकीत धातूचे भांडे उष्णता सावकाश सोडते, तर त्याच भांड्यावर कापड ताणून बसवले तर ते लवकर निवते, असे त्यांना आढळले. पांढरा रंग उष्णता कमी सोडतो, या समजुतीने ते हिवाळ्यात पांढरे कपडे व पांढरी टोपी घालून पॅरिसच्या रस्त्यांतून फिरत. लोक हसत, पण त्यांनी वेष बदलला नाही.

२१ ऑगस्ट, इ.स. १८१४ रोजी पॅरिसजवळील ओतई येथे त्यांचे निधन झाले व तेथेच दफन करण्यात आले. त्यांनी दिलेल्या १,००० पौंडांच्या देणगीतून रॉयल सोसायटी आजही रमफर्ड पदक देते. त्याचे पहिले मानकरी रमफर्ड स्वतःच होते. मृत्युपत्राद्वारे त्यांनी हार्वर्ड येथे विज्ञानाच्या प्राध्यापकपदासाठी संपत्ती ठेवली. म्युनिकच्या माक्सिमिलियान रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि वोबर्न येथील जन्मघर संग्रहालय म्हणून जपलेले आहे.