खाण बंद पाडणारा धातू

आंतोनियो दे उयोआ यांचा जन्म १७१६ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. ते कादिझच्या नौदल प्रबोधिनीत कॅडेट होते. १७३५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर पृथ्वीचा आकार मोजायला जाण्यासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. म्हणजे आमच्या बारावीच्या सीनियर्सहून थोडेसेच मोठे!

मोहीम दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्तावरील किटो शहराजवळ होती. डोंगरमाथ्यांवर तंबू ठोकून, कडाक्याच्या थंडीत कोन मोजण्यात वर्षामागून वर्षे गेली. त्या काळातच उयोआंनी चोको प्रांतातील (आजचा कोलंबिया) सोन्याच्या खाणींविषयी टिपण केले. तिथल्या सोन्यात राखाडी-पांढरे कण मिसळलेले असत. स्पॅनिश लोक त्यांना प्लाटिना, म्हणजे बारकी चांदी म्हणत. हे कण भट्टीत वितळत नसत आणि घणालाही दाद देत नसत. त्यांचे प्रमाण फार वाढले, तर खाण सोडून द्यावी लागे.

याचे कारण आज समजते. प्लॅटिनमचे कण डोंगरातील काळपट, जड खडकांत असतात. पावसाने खडक झिजतो आणि कण ओढ्यात येतात. हलकी वाळू वाहून जाते. प्लॅटिनम पाण्याच्या सुमारे २१ पट जड आणि सोने १९ पट, म्हणून दोन्ही नदीच्या तळाशी एकत्रच बसतात. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनमला मात्र १७६८ अंश लागतात. त्या काळच्या भट्ट्या तेवढ्या तापतच नव्हत्या.

१७४५ साली उयोआ फ्रेंच जहाजाने परतत होते. कॅनडातील लुईबर्ग बंदर ब्रिटिशांनी जिंकल्याचे जहाजावर कोणालाच माहीत नव्हते. जहाज सरळ आत शिरले आणि सगळे कैद झाले. उयोआंनी गुप्त कागद समुद्रात फेकले, शास्त्रीय टिपणे मात्र जपली. मला त्यांचा हा निर्णय सर्वांत आवडतो. लंडनमध्ये रॉयल सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी शत्रूच्या या अधिकाऱ्याला टिपणे परत मिळवून दिली, शिवाय सोसायटीचे सदस्यही करून घेतले. १७४८ साली प्रवासवर्णन छापले गेले आणि युरोपभर प्लाटिनाची चर्चा सुरू झाली.

पुढे ते पेरूमधील पाऱ्याच्या खाणीचे आणि नंतर लुईझियानाचे गव्हर्नर झाले. लुईझियानातून बंडखोरांनी त्यांना हाकलले. १७९५ साली त्यांचे निधन झाले.

चार वर्षांनी पॅरिसमध्ये, पृथ्वीच्या मोजमापावरून ठरवलेल्या मीटरची अधिकृत पट्टी तयार झाली. ती प्लॅटिनमची होती.