जेऊरचे ग्रहण

मुळशीहून पुण्याला आल्यावर संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयावरून मी कितीदा तरी गेलो असेन. पण एके काळी तिथे देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, हे अलीकडेच वाचनात आले. ती उभी करणारे गृहस्थ म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८).

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींकडून पाच हजार रुपये मिळवले. तेवढेच सरकारने घातले. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात २० इंची आरशाच्या दुर्बिणीची वेधशाळा उभी राहिली. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियमशी निगडित आहे, असे इंग्लंडचे विख्यात ज्योतिर्विद लॉकियर मानत. नायगमवालांनी १८९१ मध्ये स्वतः वेध घेऊन ते बरोबर नसल्याचे दाखवले. त्या काळी एका हिंदी प्राध्यापकाने हे करावे, याचे मला विशेष वाटते.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. लॉकियर विजयदुर्गला उतरले. नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूरकडील जेऊरला गेले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची! तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या किरीटाचा वर्णपट टिपला.

किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसे. ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती, म्हणून शास्त्रज्ञांनी ‘कोरोनियम’ नावाचे नवे द्रव्यच कल्पिले होते. १९३९ च्या सुमारास ग्रोट्रियन व एडलेन यांनी उलगडा केला. ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची होती, आणि त्यासाठी दहा लाख अंशांवर उष्णता हवी. सूर्याचा पृष्ठभाग मात्र साडेपाच हजार अंशांचा! चुलीपासून दूर सरकावे आणि अधिकच भाजावे, असा हा प्रकार.

किरीटात चुंबकीय कमानी असतात. त्यांचे पाय पृष्ठभागावरच्या खदखदत्या वायूत रुतलेले. त्यामुळे बलरेषांना पीळ पडतो. तो असंख्य बारीक स्फोटांनी सुटून कमानी तापतात, की खालून येणाऱ्या लहरी ती ऊर्जा नेतात, हा वाद अजून मिटलेला नाही. २०२३ साली निघालेल्या आदित्य-एल१ यानावर त्याच हिरव्या रेषेचा वेध घेणारे उपकरण आहे.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ साली ते वारले. हिरव्या रेषेचा उलगडा तेव्हा थोड्याच वर्षांच्या अंतरावर होता.