बटाट्यातला श्वास

नातीच्या वहीत परवा पेशींच्या तीन आकृत्या पाहिल्या. वनस्पतीची पेशी चौकोनी. भोवती पेशीभित्तिकेची तटबंदी, आत हिरवी हरितलवके. प्राण्याची वाटोळी, नुसत्या पातळ पटलात गुंडाळलेली. जिवाणूची सर्वांत साधी, तिला वेगळे केंद्रकसुद्धा नाही. तीन घराणी, तीन तऱ्हा. मला मात्र कमला सोहोनी आठवल्या. पहिल्या दोन घराण्यांतले नाते उलगडण्यात या मराठी बाईंचा वाटा आहे.

कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा १९३३ मध्ये मुंबईला बी.एस्सी. होताच कमलाबाईंनी तिथे अर्ज करावा, हे ओघानेच आले. संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन थडकल्या आणि हटेनात. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर: वर्षभर उमेदवारी, काम पसंत पडले तरच मान्यता. आम्ही बँकेतही नव्या माणसाला प्रोबेशनवर ठेवत असू, पण सगळ्यांनाच! इथे ते एकटीपुरते होते. वर्षभराने रामन यांचे मत बदलले आणि पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले.

दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्या हाताखाली त्यांनी बटाटा घेतला. हो, आपला रोजच्या भाजीतला बटाटा. त्यात त्यांना सायटोक्रोम-सी सापडले, आणि वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत ते असते असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे लोहयुक्त प्रथिन पेशीतल्या तंतुकणिकांत असते. आडावरून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसे ते अन्नातले इलेक्ट्रॉन पुढे देते. शेवटी ते प्राणवायूला जाऊन मिळतात आणि वाटेत पेशीला शक्ती लाभते. पेशीचा श्वास तो हाच. प्रबंध अवघा ४० पानांचा! १९३९ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या.

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, नोकरीला असताना शेळ्यांच्या कर्जाचे कागद मी ढिगांनी तपासले. ती काळीभोर उस्मानाबादी शेळी आणि तिच्या तोंडातला बाभळीचा पाला, दोघांच्या पेशींत श्वासाचे यंत्र एकाच जातीचे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते! तंतुकणिका स्वतःच कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या, असे आता शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे तिसरे घराणेही सोयरेच निघाले.

१९४७ मध्ये लग्नानंतर कमलाबाई मुंबईत आल्या, विज्ञानसंस्थेत शिकवू लागल्या. तिथे त्यांनी नीरा हाती घेतली. तिच्यातली जीवनसत्त्वे आणि लोह आदिवासी मुलांना व गरोदर बायांना किती उपयोगी पडते, हे दाखवून दिले. या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. पुढे ग्राहकांसाठी अन्नातली भेसळ ओळखण्याच्या सोप्या रीतीही त्यांनी शिकवल्या.

१९९८ मध्ये दिल्लीत वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या.