तलवार आणि मंत्राचा तोल

एकाच टेबलाभोवती चार मित्र खेळायला बसले आहेत. एकाने तलवारबाज योद्ध्याची भूमिका घेतली आहे, दुसऱ्याने जादूगाराची. समोरून राक्षसांची टोळी चालून येते. जादूगार एक मंत्र म्हणतो, आगीचा गोळा फुटतो आणि सारी टोळी भस्मसात होते. मग योद्धा झालेल्या मित्राने त्या संध्याकाळी करायचे तरी काय? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांच्यापुढे १९७०च्या दशकात हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी दिलेल्या उत्तरावरचा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही मिटलेला नाही.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे आणि शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक. १९४६मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावी राहायला गेले. बुद्धिबळाचा नाद गॅरी यांना अगदी लहानपणीच लागला होता. अद्भुतरम्य कथांच्या वाचनाचे वेडही याच वयातले. शाळा मात्र त्यांना मानवली नाही. माध्यमिक शिक्षण अर्धवट राहिले. १९५६मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी लग्न झाले आणि पुढे शिकागोतील एका विमा कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. कोणत्या जोखमीला किती हप्ता आकारायचा, हे ठरवणे हा त्यांचा व्यवसाय झाला.

रिकाम्या वेळात ते युद्धखेळ खेळत. टेबलावर इंचभर उंचीचे सैनिक मांडायचे, जुन्या लढाया पुन्हा लढायच्या आणि नियमांवर तासन् तास वाद घालायचा, असा हा छंद. १९६८मध्ये त्यांनी लेक जिनिव्हातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन या छंदिष्टांचा मेळावा भरवला. ‘जेन कॉन’ या नावाचा हा मेळावा आजही दर वर्षी भरतो. आता तो इंडियानापोलिस येथे होतो. १९७०मध्ये विमा कंपनीतील नोकरी सुटली. घरात पाच मुले होती. घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून त्यांनी संसार चालवला आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहिले.

१९७१मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी लिहिलेली ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी गायगॅक्स यांनी एक पुरवणी जोडली आणि तीत राक्षस, वीर आणि जादूगार रणांगणावर उतरवले. या पुरवणीतला वीर चार सामान्य सैनिकांच्या बरोबरीने लढे, महावीर आठांच्या बरोबरीने. जादूगार म्हणजे चालता-बोलता तोफखाना. त्याचा आगीचा गोळा दगडफेक्या यंत्राच्या माऱ्यासारखा पडे. यात कोणावर अन्याय होत नसे, कारण प्रत्येक सेनापतीला ठरावीक गुण मिळत आणि त्यांतून सैन्य विकत घ्यावे लागे. जादूगार महाग होता. तो घेतला की इतर सैनिक कमी पडत. सामर्थ्याची किंमत आधीच चुकती होत असे.

मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी हा हिशेब बदलून टाकला. त्यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकच पात्र चालवी आणि ते पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात अनुभव घेऊन पुढे जाई. १९७२च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हात येऊन हा खेळ दाखवला. गायगॅक्स यांनी त्याचे सामर्थ्य ओळखले आणि लगोलग नियम लिहायला घेतले. दिवसा लिहायचे आणि रात्री मुलांना व मित्रांना घेऊन ते पडताळायचे, असा क्रम सुरू झाला. कित्येक पैलूंचे फासे शालेय साहित्य विकणाऱ्या एका कंपनीकडून मागवले गेले.

प्रत्येकाकडे एकच पात्र म्हटल्यावर मात्र सैन्य विकत घेण्याची सोय संपली. तलवार हाती घेणारा एक खेळाडू आणि तोफखाना हाती असलेला दुसरा, असे दोघे आता शेजारी शेजारी बसणार होते. गायगॅक्स यांनी जादूगाराची किंमत वेगळ्या नाण्यात वसूल करायचे ठरवले.

जानेवारी १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मयोद्धा असे तीनच पात्रवर्ग होते. जादूगाराला चिलखत वर्ज्य आणि हत्यार म्हणून केवळ खंजीर. पहिल्या पातळीवर त्याच्याजवळ एकच मंत्र असे आणि तो एकदा उच्चारला की स्मृतीतून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या कादंबऱ्यांतून आलेली. दुसरी पातळी गाठण्यासाठी योद्ध्याला अनुभवाचे २,००० गुण पुरत, धर्मयोद्ध्याला १,५००. जादूगाराला २,५०० लागत. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत योद्ध्याची प्राणशक्ती आठ पैलूंच्या फाशावर ठरू लागली आणि जादूगाराची चार पैलूंच्या. याच पुरवणीत आलेल्या चोराला दुसऱ्या पातळीसाठी १,२०० गुण पुरत. लढाईतला कमकुवतपणा वेगवान प्रगतीने भरून काढायचा, हा त्यामागचा हिशेब होता.

योद्ध्याच्या पारड्यातही वजन टाकले गेले. खजिन्यात सापडणाऱ्या जादुई तलवारी आरंभीच्या नियमांत त्यालाच वापरता येत. वरच्या पातळीवर पोचल्यावर तो गढी बांधी आणि ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांनुसार सैनिक आपणहून त्याच्या पदरी येत. मंत्र म्हणत असतानाच जादूगारावर घाव बसला, तर तो मंत्र वाया जाई. म्हणजे जादूगाराला मंत्र पुरा करायचा, तर पुढे ढाल घेऊन उभ्या असलेल्या योद्ध्याची गरज होतीच.

तोल साधण्याची गायगॅक्स यांची ही रीत नीट पाहण्यासारखी आहे. प्रत्येक लढाईत सर्वांचे बळ सारखे असावे, असा तिचा आग्रह नव्हता. आज योद्धा जादूगाराला वाचवील, वर्षभराने जादूगार योद्ध्याला वाचवील, असा तो काळावर पसरलेला तोल होता. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे चालणाऱ्या खेळात तो टिकत असे. तरीही तो हातातून निसटू शकतो, याची जाणीव त्यांना होती. १९७६मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या आपल्याच नियतकालिकात त्यांनी बजावले, की जादूवर बंधन राहिले नाही तर हा खेळ केवळ जादूगारांचा तमाशा होईल आणि खेळाडू कंटाळून जातील. मौज अशी, की गायगॅक्स स्वतः खेळायला बसत तेव्हा त्यांची दोन्ही प्रकारची पात्रे असत. गॅरी हे नाव इंग्रजीत उलटे लिहून तयार झालेला ‘यराग’ हा योद्धा होता. पण त्यांचे सर्वांत गाजलेले पात्र म्हणजे ‘मॉर्डेनकेनन’ हा जादूगार.

खेळातला तोल सांभाळणाऱ्या या माणसाला कंपनीतला तोल मात्र सांभाळता आला नाही. बालमित्र डॉन के यांच्यासह १९७३मध्ये त्यांनी टीएसआर ही कंपनी काढली. लवकरच ब्रायन ब्लूम भागीदार म्हणून आले आणि त्यांच्या पैशातून खेळाच्या पहिल्या १,००० प्रती छापल्या गेल्या. हाताने जुळवलेल्या या प्रती वर्षभरात संपल्या. जानेवारी १९७५मध्ये के यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा हिस्सा विकत घेण्याइतका पैसा गायगॅक्स यांच्याकडे नव्हता आणि बहुमत ब्लूम कुटुंबाकडे गेले. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९मध्ये दावा लावला. १९८१मध्ये तो तडजोडीने मिटला.

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात खेळाची कीर्ती शिगेला पोचली असताना कंपनी कर्जात बुडत चालली होती. तिला सावरण्यासाठी १९८५मध्ये गायगॅक्स यांनी ‘अनअर्थ्ड आर्केना’ हे पुस्तक घाईने सिद्ध केले. ते खूप खपले, पण त्यातील कॅव्हेलियर आणि बार्बेरियन हे नवे लढवय्ये वर्ग जुन्या योद्ध्याला झाकोळून टाकतात, अशी टीका अनेक खेळाडूंनी केली. ज्याने तराजू घडवला, त्याच्याच हातून पारडे झुकले होते. त्याच वर्षी ब्लूम बंधूंनी आपले समभाग लॉरेन विल्यम्स यांना विकले. गायगॅक्स न्यायालयात गेले आणि हरले. १९८६मध्ये त्यांनी स्वतः उभी केलेली कंपनी सोडली.

त्यानंतरही त्यांनी नवे खेळ लिहिले. १९९९च्या ‘लेजेंडरी ॲडव्हेंचर’मध्ये तर पात्रवर्गांऐवजी कौशल्यांवर भर होता. पण पहिल्या खेळाचे यश पुन्हा लाभले नाही. २००४मध्ये पक्षाघाताचे झटके आले, तरी घरी येणाऱ्या खेळाडूंसाठी त्यांचे दार उघडे असे. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातील राहत्या घरी, वयाच्या ६९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांच्या हिशेबातील बरीच वजने काढून टाकली गेली होती. १९९७मध्ये टीएसआर विकत घेणाऱ्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने २०००मध्ये तिसरी आवृत्ती आणली. तिने सर्व वर्गांसाठी अनुभवाचे एकच कोष्टक ठेवले. गढी आणि सैनिक हा योद्ध्याचा खास हक्क उरला नाही, मंत्र वाचवणेही सोपे झाले. वरकरणी ही समता होती. प्रत्यक्षात वरच्या पातळ्यांवर जादूगार कोणाला आटोपेनासा झाला. गायगॅक्स यांच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, जून २००८मध्ये चौथी आवृत्ती आली. तिने योद्ध्यापासून जादूगारापर्यंत सर्वांना जवळपास सारख्याच साच्यातील शक्ती दिल्या. तोल साधला, पण सगळे वर्ग एकसारखे वाटतात, अशी तक्रार करीत अनेक खेळाडू तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेल्या ‘पाथफाइंडर’कडे वळले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने वर्गांचे वेगळेपण बऱ्याच अंशी परत आणले, मात्र जादूगाराला कधीही न संपणारे छोटे मंत्रही दिले. आरंभीचा तो दुबळा, एका मंत्रावर जगणारा जादूगार इतिहासजमा झाला.

गायगॅक्स यांची आकडेमोड आज बहुतेक खेळाडू जशीच्या तशी वापरत नाहीत. वर्षानुवर्षे त्याच टेबलाशी जमणारे मित्रही आता दुर्मीळ झाले आहेत; चार-सहा बैठकींत संपणाऱ्या खेळात पुढच्या वर्षीच्या भरपाईचे आश्वासन पोकळ ठरते. तरीही त्यांनी ओळखलेली गोष्ट खरी राहिली आहे. सर्वांना सारखे करून तोल साधता येतो, पण मग वेगळी भूमिका निवडण्याला अर्थ उरत नाही. वेगळेपण राखायचे, तर प्रत्येकाची वेळ कधी ना कधी यावी लागते, आणि ती येईपर्यंत टेबलाशी बसून राहावे असे त्याला वाटावे लागते.