मठाच्या बागेतील गणित

जीवशास्त्र, गणित आणि पदार्थविज्ञान यांच्या वाटा आज अनेक प्रयोगशाळांत एकत्र येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र वनस्पतींचा अभ्यासक गणिताकडे क्वचितच वळे. त्या काळी या तिन्ही विद्या ज्यांच्या ठायी एकत्र आल्या, ते ग्रेगॉर मेंडेल हे एक मठवासी धर्मगुरू होते.

त्यांचा जन्म १८२२ साली तत्कालीन ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. पाळण्यातले नाव योहान. वडील लहान शेतकरी. आठवड्यातील काही दिवस त्यांना जमीनदाराकडे वेठीला राबावे लागे. १८३८ साली अंगावर ओंडका पडून वडील जायबंदी झाले आणि योहानच्या शिक्षणाचा आधार तुटला. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यासाठी राखून ठेवलेल्या वाट्यातील काही रक्कम भावाला दिली. पुढे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी शिफारस केल्यावरून १८४३ साली योहानने ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या नावाच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला. ग्रेगॉर हे नाव त्यांना तेथे मिळाले.

१८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु रुग्णांच्या वेदना पाहून हे कोवळ्या मनाचे धर्मगुरू स्वतःच आजारी पडू लागले. मठाधिपती नाप यांनी त्यांना दोष दिला नाही. त्यांचा कल ओळखून त्यांना शिक्षकाच्या कामावर पाठविले. १८५० साली शिक्षकपदाच्या परीक्षेत मेंडेल अनुत्तीर्ण झाले. ते कच्चे ठरले, तेही भूगर्भशास्त्रात आणि प्राणिशास्त्रात! नाप यांनी त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात ते डॉप्लर यांच्याकडे पदार्थविज्ञान, एटिंग्सहाउझेन यांच्याकडे संचयांचे गणित आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेस बसले आणि पुन्हा अपयश पदरी आले. तरीही ते प्रमाणपत्राविनाच शिकवीत राहिले.

त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यांचे वाटाण्यावरील प्रयोग सुरू झाले. फुलातील कोवळे पुंकेसर काढून टाकावेत, दुसऱ्या झाडाचे पराग लावावेत, फुलावर पिशवी बांधावी आणि शेंगा भरल्यावर दाणा न् दाणा मोजावा, असा क्रम १८६३ पर्यंत चालला. सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे संततीत मिसळतात, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. मेंडेलांनी गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. पण दुसऱ्या पिढीतील ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. दडलेला गुण नष्ट झाला नव्हता. तो अबाधित राहून परत आला होता. प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात आणि आईबाप प्रत्येकी एकच घटक संततीला देतात, हे मानल्यावर तो आकडा उलगडला. दोन नाणी वारंवार उडविली असता दोन्हींवर छाप पडण्याचा योग जसा सरासरी चारांत एकदा येतो, तसाच हा हिशेब होता.

१८६५ साली त्यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन सभांत हा निबंध वाचला. १८६६ साली तो छापला गेला. त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही. नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. पण नेगेली ज्या हॉकवीड वनस्पतीचा अभ्यास करीत होते, तिच्यात मेंडेलांना आपलेच नियम आढळेनात. त्या वनस्पतीचे बी पुष्कळदा फलनाविनाच धरते, हे कारण पुढे कळले. १८६८ साली ते मठाधिपती झाले. १८७४ साली मठांवर नवा कर बसला, तो त्यांना अन्यायाचा वाटला आणि अखेरपर्यंत ते त्याविरुद्ध झगडले. हवामानाच्या नोंदी ते नेमाने ठेवीत. तेरेझियाच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून त्यांनी बहिणीचे ऋण फेडले. ६ जानेवारी १८८४ रोजी ते निवर्तले, तेव्हा लोकांनी एका मठाधिपतीला निरोप दिला; त्यांच्यातील शास्त्रज्ञ फार थोड्यांना ठाऊक होता. पुढे १९०० साली द फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक यांच्या लेखांतून तेच नियम पुन्हा पुढे आले आणि मेंडेलांचा निबंध जगापुढे आला.

आज विदर्भातील एखाद्या दांपत्याला डॉक्टर सांगतात, की दोघेही सिकलसेलचे वाहक असल्याने प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक आहे. त्या सांगण्यामागे ब्रनोच्या बागेतील तेच गणित आहे. ते दांपत्य वेळीच सावध होते, यात मेंडेलांच्या श्रमांचे फळ आहे.

वाचकहो, रुग्णशय्येपाशी उभे राहणे ज्यांना झेपले नाही, त्या धर्मगुरूंच्या हातून रुग्णांची ही केवढी सेवा घडली! तीत तेरेझियाच्या त्यागाचा आणि नाप यांच्या समजूतदारपणाचाही वाटा आहे. आपल्या मंडळीत परीक्षेत मागे पडलेली, नेमून दिलेले काम न झेपणारी मुले असतील. त्यांच्यावर शिक्का मारण्यापूर्वी देवाने त्यांच्या ठायी कोणते दान ठेवले आहे, याचा शोध घेणे हे आपले कर्तव्य आहे.