परत फिरण्याचे धैर्य

वैनगंगेच्या खोऱ्यातील बिरसी हे गाव आज गोंदिया जिल्ह्यात मोडत असले, तरी १ मे १९९९ पर्यंत तो सारा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने येथे धावपट्टी बांधली. या शतकात तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणारी शिकाऊ विमाने या भागातील शाळकरी मुलांच्या ओळखीची झाली. याच धावपट्टीवरून निघालेली दोन शिकाऊ विमाने, एक २६ एप्रिल २०१७ रोजी व दुसरे १८ मार्च २०२३ रोजी, बालाघाटच्या बाजूस कोसळली. दोन्ही वेळा दोन दोन जीव गेले. त्या अपघातांचा निवाडा करणे हे येथे प्रयोजन नाही. ते चौकशी यंत्रणांचे काम होय. परंतु एक प्रश्न त्यापलीकडे उरतो. विमान कसे चालवावे हे शिकविता येते. ते केव्हा चालवू नये हे कसे शिकवावे? या प्रश्नाच्या संदर्भात जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र मुद्दाम आठवावे असे आहे. उद्योगपती म्हणून ते सर्वश्रुत आहेत. कच्च्या, तोकड्या धावपट्टीवर घडलेला वैमानिक म्हणून त्यांची ओळख तितकीशी नाही.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला. आई फ्रेंच होती. बालपणीच्या सुट्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर जात आणि तेथे शेजार होता तो लुई ब्लेरिओ यांचा. विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच. पंधराव्या वर्षी जहांगीर प्रथम विमानात बसले आणि त्या ओढीतून पुढे कधीच सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे चोवीस.

पुढे आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पारितोषिक जाहीर केले. जहांगीर कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा तरुण लंडनहून येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी यांचे विमान ठिणगी पाडणाऱ्या प्लगांवाचून अडकून पडले होते. जहांगीर यांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. या प्रसंगात औदार्य आहेच. पण वैमानिकाची शिस्तही आहे. ठरल्या वेळेला पोहोचण्यापेक्षा धड पोहोचणे मोठे, हे ज्याच्या मनात मुरले आहे तोच असे वागू शकतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस इंधन भरून दुपारी जुहू येथे उतरले. विमान एका इंजिनाचे. त्यात रेडिओ नव्हता, मार्ग दाखविणारे कोणतेही साधन नव्हते. टाटांच्या हवाई सेवेचा तो प्रारंभ. जुहूची ती जागा समुद्रालगतची, सखल. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. तेव्हा दोन छोटी विमाने आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसे घेऊन सारा संसार पुण्यास हलविला जाई आणि पाऊस संपेपर्यंत टपाल तेथूनच जाई-येई. निसरड्या चिखलात कसेबसे उतरून दाखविण्यात त्यांना पुरुषार्थ वाटला नाही. याचे फळ काय मिळाले? १९३३ साली ही सेवा सुमारे १ लाख ६० हजार मैल उडाली आणि ऐन पावसाळ्यातही वेळेवर राहिली. सरकारी अहवालाने तिची वाखाणणी केली. सावधपणा आणि वक्तशीरपणा यांचे वैर आहे अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

१९३६ मध्ये त्यांचे धाकटे बंधू जमशेद ऑस्ट्रियात विमान अपघातात मरण पावले. आकाश चुकीला क्षमा करीत नाही, हे त्यांना घरातल्या शोकाने शिकविले होते. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे प्रमुख झाले. १९४८ मध्ये एअर इंडियाची सेवा लंडनपर्यंत पोहोचली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही १९७८ पर्यंत ते त्या कंपनीचे अध्यक्ष होते. प्रवासात दिसलेल्या बारीकसारीक त्रुटींची टिपणे ते स्वतः करीत व संबंधितांना धाडीत. १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जुन्या बनावटीचे विमान घेऊन कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. भारतरत्न त्यांना १९९२ मध्ये मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांनी देह ठेवला. अर्धशतकाहून अधिक काळ उडूनही ते सुखरूप राहिले, याचे श्रेय केवळ नशिबाला देता येणार नाही.

आजच्या शिकाऊ वैमानिकापाशी जहांगीर यांच्याहून कितीतरी उत्तम साधने आहेत. मोह मात्र जुनेच आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पुरे करावे लागते आणि त्या तासांमागे अनेकदा कर्ज काढणारे आईबाप उभे असतात. एक दिवस वाया गेला की खर्च वाढतो. विदर्भाच्या मे महिन्यात तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी अधिक लागते. पावसापूर्वीची वावटळ घटकेत वारा फिरविते. हिवाळ्यातील धुके तलावांच्या या प्रदेशात सकाळी रेंगाळते. उतरण्यापूर्वीच्या अखेरच्या वळणावर वेग कमी पडला आणि विमान अधिक कलले, तर सावरण्यास उंचीच उरत नाही. अशा क्षणी उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर चढणे, किंवा त्या दिवशी विमान बाहेरच न काढणे, हाच खरा निर्णय असतो.

म्हणून प्रशिक्षण संस्थांनी परत फिरलेल्या उड्डाणाला अपयश समजू नये. नको म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ थोपटावी, आणि नको म्हणण्याचा पहिला धडा गुरूने स्वतःच्या आचरणाने घालून द्यावा. जबाबदारी गावकऱ्यांचीही आहे: कुंपण मोडून गुरे आत सोडणे किंवा धावपट्टीलगत कचरा टाकून पक्ष्यांना आमंत्रण देणे म्हणजे कुणाच्या तरी लेकराच्या जिवाशी खेळणे होय. पावसाळ्यात जुहू सोडून पुण्यास जाणाऱ्या त्या तरुणाने कमीपणा मानला नाही. बिरसीच्या धावपट्टीवर पंख पसरणाऱ्या मुलामुलींनाही तो वाटता कामा नये.