उषा मेहता

उषा मेहता (२५ मार्च १९२० – ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, राज्यशास्त्राच्या प्राध्यापक आणि गांधीविचाराच्या अभ्यासक होत्या. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालविल्या गेलेल्या 'काँग्रेस रेडिओ' या बिनतारी केंद्राच्या प्रमुख संघटकांपैकी त्या एक होत. हे केंद्र जेमतेम अडीच महिने चालले. परंतु भारतातील बिनतारी संदेशवहनाचा इतिहास केवळ सरकारी खात्यांचा आणि कंपन्यांचा नाही, हे त्यामुळे ध्यानात येते.

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश सेवेत न्यायाधीश होते. सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीत त्या १९२८ साली, वयाच्या आठव्या वर्षी सामील झाल्या. पुढे वडील निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईस आले. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान विषयात पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभिला. तो आंदोलनामुळे सुटला.

केंद्राची उभारणी

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे काँग्रेसचे बहुतेक सर्व नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध होते आणि ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या हाती होता. विदर्भात आष्टी-चिमूर येथे काय घडले हे बंगालमध्ये कळण्याचा, किंवा चितगावची बातमी मुंबईस पोहोचण्याचा उघड मार्ग उरला नव्हता. पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे ९ सप्टेंबरला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात मृत्युमुखी पडले, तो याच आठवड्यांतला प्रसंग. प्रत्येक गाव आपल्यापुरते लढत होते आणि शेजारच्या जिल्ह्यात काय चालले आहे हे त्यास ठाऊक नव्हते. ही कोंडी फोडण्यासाठी बावीस वर्षांच्या उषाबेन, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी यांनी स्वतंत्र रेडिओ केंद्र काढण्याचे ठरविले.

यंत्र मिळविणे सोपे नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द करून त्यांची प्रक्षेपक यंत्रे जमा करावयास लावली होती. नरिमन प्रिंटर या जाणकार तंत्रज्ञाने हाती लागलेल्या सुट्या भागांतून प्रक्षेपक जुळविला. काँग्रेस अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी यांचेही साहाय्य झाले.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर लहरीवर पहिले प्रक्षेपण झाले. ही लहर सुमारे ७ मेगाहर्ट्झची, म्हणजे लघुलहरींपैकी असून हौशी रेडिओचालकांच्या नेहमीच्या वापरातील पट्ट्यातली आहे. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन खाली येतात, म्हणून थोड्या शक्तीचे यंत्रही शेकडो किलोमीटर दूर ऐकू जाऊ शकते. घराच्या एका खोलीत मावणाऱ्या यंत्राकडून देशव्यापी कामाची अपेक्षा ठेवता आली ती या गुणामुळे.

प्रक्षेपण

कार्यक्रम इंग्रजी आणि हिंदुस्तानी भाषांत होत. आरंभी 'हिंदुस्तान हमारा' आणि शेवटी 'वंदे मातरम्' वाजविले जाई. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस, कुमी दस्तूर आणि स्वतः उषाबेन यांचे आवाज त्यावरून ऐकू येत. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार यांच्या बातम्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे मुंबईस आणून देत. बिनतारी केंद्राचा हा अर्धा भाग सर्वस्वी पायी आणि रेल्वेने चालणारा होता. त्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

जी लहर आवाज दूरवर नेते तीच त्याचा ठावठिकाणाही सांगते, ही मोठी अडचण होती. वलयाकार अँटेना फिरवून संकेत कोणत्या दिशेने येतो हे ओळखता येते. दोन जागांवरून अशा दोन दिशा घेतल्या की त्या रेषा जेथे छेदतील तेथे प्रक्षेपक असतो. पोलिसांची शोधक वाहने याच तत्त्वावर शहरात फिरत. त्यामुळे प्रक्षेपणाचा काळ मर्यादित ठेवून जागा वारंवार बदलावी लागे. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेख वाडी अशी बिऱ्हाडे फिरली. पुढे भाषणे एका ठिकाणी तबकडीवर मुद्रित करून दुसऱ्या ठिकाणाहून प्रक्षेपित करण्याची व्यवस्था झाली.

अटक आणि खटला

केंद्राचा शेवट यंत्रामुळे नव्हे, तर माणसामुळे झाला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रिंटर यांना ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून सारी माहिती बाहेर आली. बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा पडला तेव्हा उषाबेन तेथेच होत्या. त्या निसटल्या, भूमिगत होणे त्यांना शक्य होते. परंतु त्या संध्याकाळचा कार्यक्रम करण्यासाठी त्या चंद्रकांत झवेरी यांच्यासह पारेख वाडीत गेल्या आणि प्रक्षेपण चालू असतानाच पकडल्या गेल्या. हा निर्णय व्यवहारी म्हणता येणार नाही, पण त्यांच्या स्वभावाशी सुसंगत होता.

सुमारे सहा महिने चौकशी चालली. परदेशी शिक्षणाचे आमिष दाखविण्यात आले. त्यांनी कोणाचेही नाव सांगितले नाही आणि न्यायालयातही मौन सोडले नाही. विशेष न्यायाधीश लोकूर यांनी मे १९४३ मध्ये बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी निर्दोष सुटले. उषाबेनची रवानगी पुण्याच्या येरवडा कारागृहात झाली. तेथे त्यांची प्रकृती बिघडली आणि काही काळ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

उत्तरायुष्य

सुटकेनंतर सत्तेच्या राजकारणात न जाता त्या अभ्यासाकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली, विल्सन महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केले आणि मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. मणिभवन गांधी संग्रहालयाचे कार्यही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. त्या आजन्म अविवाहित राहिल्या व खादी वापरीत. १९९८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले.

९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असूनही त्या नेहमीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावरील कार्यक्रमास गेल्या. दोन दिवसांनी मुंबईत त्यांचे निधन झाले.